सत्तावीस टक्के मतांचे काय?

महोदय,
सिक्कीम विधानसभेच्या २ जून २०२४च्या निकालात सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाने ३२ पैकी ३१ जागा पटकावल्या. चोवीस वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले पवनकुमार चामलिंग दोन्ही मतदारसंघांत पडले. त्यांच्या पक्षाला मते सुमारे २७ टक्के, आमदार मात्र एकच. तोही जुलैत सत्ताधाऱ्यांकडे गेला! सिक्कीमला हे नवे नाही म्हणा; १९८९ आणि २००९मध्येही सगळ्या ३२ जागा एकाच पक्षाकडे होत्या.

आमच्या ग्रामसभेत एक आजोबा दरवेळी दिवाबत्तीच्या खर्चाची पावती मागतात. सरपंच वैतागतात, पण कपाट उघडून ती दाखवावी लागतेच. गंगटोकच्या सभागृहात पावती मागायला आता उरले कोण?

– एक वाचक, सांगली