सर्टिफिकेटचा खर्च एकट्या टॅनरीच्याच डोक्यावर का?

संपादक साहेब, नमस्कार.

टॅनऱ्यांना, म्हणजे कातडं कमावणाऱ्या कारखान्यांना, पर्यावरणाचं सर्टिफिकेट सक्तीचं करा, असं एका वाचकाचं पत्र तुमच्याकडे आलं होतं. मी चिपळूणला लेदरच्या बॅगा नि पट्टे बनवतो म्हणून लिहितोय.

सर्टिफिकेट हवंच. दाभोळ खाडीत मासे मरून वर आले की भोयांच्या घरात काय होतं ते आम्ही बघतो, आणि टॅनरीचं पाणी साधंसुधं नसतं. एक टन कच्च्या कातड्याला 30-40 हजार लिटर पाणी लागतं आणि नेहमीच्या पद्धतीत कातडं कमवायला घातलेल्या क्रोमपैकी (क्रोमियमच्या क्षारापैकी) तिसरा हिस्सा तरी कातड्यात न मुरता पाण्याबरोबर बाहेर जातो.

पण खर्चाचं बोला ना. हे सर्टिफिकेट देणाऱ्या लेदर वर्किंग ग्रुप या जागतिक संस्थेचं ऑडिट म्हणजे नुसती फी नाही, पाण्याचे मीटर, विजेचा हिशोब, केमिकलचं रजिस्टर, कातडं कुठून आलं त्याचे कागद, आणि दोन वर्षांनी परत तेच सगळं. मोठ्या टॅनरीला हे परवडतं, उलट फायदाच होतो, क्रोम रिकव्हरी बसवली की तेच क्रोम परत वापरता येतं, पाणी कुठे वाया जातंय ते कळतं आणि परदेशी ब्रँड या ऑडिटचं गोल्ड-सिल्व्हर रेटिंग बघून ऑर्डर देतात.

मी कोल्हापूरकडून जे चामडं आणतो ते हिरडा नि बाभळीच्या सालीत कमावलेलं, त्यात क्रोम नाहीच. कातड्याची पिशवी शिवून टांगतात, आत सालीचं पाणी भरतात, खाली झिरपलेलं परत वर ओततात. हे पाणी तसंच नाल्यात सोडलं तर तेही घाण करतं, मान्य. पण ते साफ करणं क्रोमपेक्षा सोपं, आणि तरी व्यापारी सर्टिफिकेट विचारतो, नाही म्हटलं की ऑर्डर गेली.

प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे सुप्रीम कोर्टाने 1996 ला वेल्लोरच्या टॅनऱ्यांच्या केसमध्येच सांगितलंय. मग त्याच चामड्यावर टॅग लावून दाम दुप्पट करणारा ब्रँड यातून सुटतो कसा? ऑडिटची निम्मी फी त्याच्याकडून घ्या, आणि एका सीईटीपीला (सांडपाणी साफ करणाऱ्या सामाईक केंद्राला) जोडलेल्या छोट्या टॅनऱ्यांचं ऑडिट एकत्र करून उरलेला खर्च सरकारने उचला.

आपला,
एक वाचक, चिपळूण