'मीठ चवीनुसार' म्हणजे कोणाच्या चवीनुसार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका पानावर नवरा-बायकोच्या जेवणावरून होणाऱ्या कुरबुरींचे विनोद असतात आणि पान उलटलं की पाककृती. विनोदातली आमटी खारट असते, पाककृतीत 'मीठ चवीनुसार' असतं. पहिल्या पानाला माल पुरवण्याचं काम दुसरं पान करतं, एवढं दाखवण्यासाठी हे पत्र. घरात जिभा दोन असताना चवीनुसार म्हणजे कोणाच्या? मीठ, पाणी, आच आणि वेळ या चार गोष्टी आकड्यांत छापा, इतकीच आमची मागणी आहे. पत्रावर सह्या दोघांच्या आहेत. एकमत झालं नाही तिथे तसं नमूद केलं आहे.

मिठावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण निम्मी भांडणं तिथेच आहेत. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा (५ मिलीचा, औषधाबरोबर येतो तेवढा) साधारण ६ ग्रॅम भरतो. खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, कारण खड्यांच्या मध्ये पोकळी राहते. खडे मिठाला सरावलेला हात बारीक मिठाच्या बरणीत गेला की तीच चिमूट जड पडते आणि नव्या घरात पहिला महिना सगळंच खारट होतं. यात हाताचा दोष नाही, बरणीचा आहे. आमटी-रस्सा अशा पातळ पदार्थाला तयार वजनाच्या पाऊण ते एक टक्का मीठ बहुतेकांना बरोबर लागतं. लिटरभर आमटीला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चमचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. चौघांच्या घरातली ही एक आमटीच प्रत्येकाच्या खात्यात सव्वादोन ग्रॅम टाकते. पापड, लोणचं आणि संध्याकाळची भाजी अजून यायची आहे.

आता मीठ मोजून घातलं तरी भांडण होतंच, ते का? स्वयंपाक करणारी व्यक्ती रटरटणाऱ्या आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटते. इतक्या कढत पदार्थाचा खारटपणा जिभेला कमी जाणवतो, म्हणून अजून चिमूटभर पडतं. तीच आमटी ताटात कोमट होते तेव्हा खारट लागते. दुसरं कारण भाताचं. आपल्याकडे साधा भात बहुतेक घरांत बिनमिठाचा असतो. आमटी नुसती चाखून बेताची वाटली तर भातावर ती अळणी लागते. आणि भातावर बेताची असलेली आमटी वाटीनं भुरकणाऱ्याला खारट लागते. एकाच पातेल्यातल्या आमटीला नवरा 'अळणी' म्हणतो आणि बायको 'खारट', आणि दोघंही खरं बोलत असतात. यावर उपाय आहे. वाटीत दोन चमचे आमटी काढून मिनिटभर निवू द्यायची आणि भाताच्या चार शितांबरोबर चाखायची.

तिसरं कारण उशिरा येणाऱ्याचं. लिटरभर आमटीतलं दीडशे मिली पाणी पुन्हापुन्हा गरम करण्यात उडून गेलं, तर खारटपणा सतरा-अठरा टक्क्यांनी वाढतो. साडेआठला जेवलेल्याची आमटी आणि साडेदहाला जेवणाऱ्याची आमटी या दोन वेगळ्या आमट्या आहेत. डाळही ठेवल्यावर पाणी पिऊन दाटते. गरम करायला ठेवण्याआधी अर्धी वाटी पाणी घातलं की हा तंटा मिटतो. पण हे पाणी कोणी घालायचं यावर दुसरा सुरू होतो, आणि त्याला आकड्यांत उत्तर नाही.

पालेभाजीचं गणित निराळं. मेथीची चिरलेली जुडी कढईतून उतू जाईल इतकी दिसते आणि पाच मिनिटांत बसून वाटीभर उरते. ढिगाकडे बघून मीठ घातलं की ते चौपट होतं. भाजी बसल्यावरच मीठ घालावं. खारट झालेल्या आमटीत बटाटा सोडल्यानं तो मीठ 'ओढून घेतो' हा सल्ला आपल्याही पानावर येऊन गेला आहे. बटाटा मीठ शोषतो, पण मिठाचं पाणीच शोषतो. उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. खरा उपाय वाढवण्याचा: बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी घालायचं. तोच बटाटा उकडून, कुस्करून आमटीत मिसळला तर उपयोग होतो, कारण मग तोही आमटीचा भाग होतो.

पानाच्या वरच्या बाजूला मध्यभागी आधी मीठ वाढण्याची आपली पद्धत याच कामाची आहे. आमटी, कोशिंबीर, ताक यांत कमी आवडणाऱ्याच्या बेतानं मीठ घालावं, दुसऱ्यानं पानातलं घ्यावं. भरली वांगी, उसळ आणि कणीक यांना ही सवलत नाही, कारण मीठ आत मुरावं लागतं. अर्धा किलो कणकेला एक सपाट चमचा मीठ, हे मळण्याआधीच ठरवून टाकावं.

कुकरच्या शिट्ट्यांवरून होणारी वादावादी आम्हांला सगळ्यांत निरर्थक वाटते. 'तीन झाल्या, बंद का नाही केलास?' 'दोनच झाल्या, तिसरी शेजारच्यांची होती.' शिट्टी हे वेळेचं मापच नव्हे. आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान झालं आणि जास्तीची वाफ बाहेर पडली, इतकाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा मिनिटांत एक होते. झाकण आतून बसणाऱ्या आणि बाहेरून बसणाऱ्या कुकरांची शिट्टी वाजण्याची तऱ्हाही वेगळी. तेव्हा पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग बारीक करून घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला १० ते १२ मिनिटं पुरतात. त्यानंतर कुकरचं तोंड आपोआप मोकळं होऊ द्यायचं. तरीही डाळ टचटचीत राहिली तर ती जुनी असते किंवा बोअरचं पाणी जड असतं. कोणी हौसेनं चिंच-आमसूल आधीच घातलेलं असलं तरी तसं होतं. आंबटपणा पडला की डाळ मऊ व्हायची थांबते. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर.

भात हे तर दोन घराण्यांचं युद्ध. एकाला आसट लागतो, दुसऱ्याला फडफडीत. मुळात तांदूळच वेगळा असतो हे कोणी लक्षात घेत नाही. मावळात पिकणारा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर हा चिकटच होणार. त्याला मोकळा कर म्हणून सांगणं व्यर्थ. जुना कोलम वाटीला दोन ते सव्वादोन वाट्या पाणी घेतो, नवा इंद्रायणी पावणेदोनमध्ये मऊ होतो. पोत्यात 'नवा' की 'जुना' हे विचारून घ्यावं, म्हणजे दिवाळीनंतर नवा तांदूळ आल्यावर 'तुला हल्ली भात जमत नाही' हे ऐकावं लागणार नाही.

पोळी कडक होण्याची कारणं पुरुषमंडळींनी मुद्दाम वाचावीत, कारण त्यातलं शेवटचं त्यांच्याकडे जातं. अर्धा किलो कणकेला गव्हाप्रमाणे ३०० ते ३२५ मिली पाणी लागतं. लोकवन आणि सिहोर यांची पाणी पिण्याची भूक सारखी नसते, म्हणून गहू बदलला की पहिल्या दिवशी वीस मिली पाणी हाताशी राखून मळावं. मळलेली कणीक वीस-पंचवीस मिनिटं झाकून मुरू द्यावी. न मुरलेली कणीक लाटताना मागे ओढते, मग पोळी जाड राहते. घडीच्या पोळीत तेलाच्या बोटावर किंचित पिठी भुरभुरली नाही तर पदर सुटत नाहीत. तवा पुरेसा तापला की नाही हे बघायला चिमूटभर पीठ टाकावं. चार-पाच सेकंदांत बदामी झालं तर ठीक, लगेच काळं झालं तर आच कमी करावी. पोळी मिनिट-दीड मिनिटात उतरली पाहिजे. मंद तव्यावर तीन मिनिटं राहिलेली पोळी भाजली जात नाही, वाळते. उतरल्यावर थेट स्टीलच्या डब्यात रचली तर वाफेचं पाणी होऊन खालच्या पोळ्या भिजतात. खाली-वर सुती फडकं हवं आणि पहिली पाच मिनिटं झाकण किंचित उघडं. आणि शेवटचं कारण: पान घेतल्यावर मोबाईल घेऊन 'आलोच' म्हणणारा माणूस. उघड्या पानातली पोळी पंख्याखाली दहा मिनिटांत चिवट होते. भाकरी तर त्याहून लवकर.

भाकरीवरून आठवलं. ज्वारीची भाकरी थापताना चिरत असेल तर 'हिला येत नाही' असं म्हणण्याआधी पीठ कधी दळलं ते बघावं. पंधरा-वीस दिवसांपुढचं पीठ विरी सोडतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही, म्हणून जुन्या पिठाला आधणाचं पाणी घालून उकड काढावी लागते. दोघांच्या घरात पाच किलोचं दळण आणण्याचं काम ज्याच्याकडे आहे, त्यानं दर खेपेला दोन किलोच आणावं.

उपासाच्या दिवशीचं भांडण साबुदाण्याचं. गोळा होण्याचं मूळ भिजवण्यात असतं. टॅपिओकाच्या स्टार्चचे हे गोळे. वरची भुकटी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवायचे, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवायचं आणि चार-पाच तास थांबायचं. दाणा बोटांत दाबला की मधली कणी न लागता चेपला पाहिजे. वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचं कूट, मीठ आणि साखर आधीच कोरडं मिसळून ठेवावं. कढईत पडल्यावर दाणे पारदर्शक होऊ लागले की हात आवरावा. एक दणदणीत वाफ पुरे. झाकून ठेवून 'अजून जरा' म्हणत हलवत बसलं की खिचडीचा लाडू होतो.

'आईच्या हातची चव येत नाही' या वाक्याचंही एक हिशेबी उत्तर आहे. आईची आमटी आठ जणांची असायची, इथे दोघांची होते. सगळं चौथाईवर आणलं की बिघडतं, कारण पातेलं चौथाई होत नाही. उघड्या तोंडातून पाणी जवळपास तेवढंच उडतं, म्हणून पाणी चौथाईपेक्षा थोडं जास्त लागतं. फोडणीच्या तेलाचंही तसंच; मोहरी तडतडायला कढईचा तळ भिजेल इतकं तेल लागतंच, मग माणसं दोन असोत की आठ. आणि आईचं आमसूल कल्हईच्या पितळी पातेल्यात पडायचं. कल्हई गेलेल्या पातेल्यात तो प्रयोग करू नये, आमटी कळकते. लोखंडी कढईत वांग्याची भाजी रात्रभर ठेवली तर ती काळी पडते, तोही लोखंडाचाच परिणाम; 'भाजी जाळलीस' म्हणण्याचं कारण नाही. शिजली की काढून घ्यावी.

काही भांडणं मात्र मापानं मिटत नाहीत. खानदेशातलं भरीत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात यांचं, पुण्याकडचं दह्यातलं. नाव एक, पदार्थ दोन. तिथे आठवड्याचे वार वाटून घ्यावेत.

पाककृती कशी छापली जावी, त्याचा एक नमुना देतो. आमटी, चौघांची: तूरडाळ १२५ ग्रॅम, अर्धा तास भिजवून, ३५० मिली पाणी, पाव चमचा हळद आणि तेलाच्या चार थेंबांसह पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर १२ मिनिटं. फोडणीला तेल ३ लहान चमचे, मोहरी, हिंग, कढीपत्ता. घोटलेली डाळ, गरम पाणी ५५० मिली, बारीक मीठ ९ ग्रॅम, आमसुलं ४, गोडा मसाला २ लहान चमचे, गूळ १० ग्रॅम. मध्यम आचेवर ७ मिनिटं उकळी, वरून ओलं खोबरं २ मोठे चमचे आणि कोथिंबीर. शेवटी आमटी ९५० मिलीच्या आसपास भरावी. कमी भरली तर गरम पाण्यानं तिथवर आणावी. एवढं छापायला आपल्याला चार ओळी जास्त लागतील. जाहिरातींच्या मानानं त्या फार नाहीत.

आपले,
दोन नियमित वाचक (जळगाव आणि पुणे, सध्या एकाच स्वयंपाकघरात)

ता. क. वरच्या पाककृतीतल्या गुळापुढे 'ऐच्छिक' असं छापावं. — जळगाव.
छापू नये. — पुणे.