काका, लेकीच्या पहिल्या बंदुकीबद्दल

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. इथल्या आणखी चार मराठी आईबापांच्याही उपयोगी पडेल.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा मोसम उघडतो आणि लेकीच्या वर्गात दुसरा विषय नसतो. दहा वर्षांच्या पोरीने ‘मलाही शिकारीला जायचंय’ म्हणून हट्ट धरला, तेव्हा आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झालेल्या देशात वाढलेली आम्ही माणसं. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर!

तुम्ही मात्र बंदुकीचं नावच काढलं नाहीत. हरणाआधी खारीपासून सुरुवात, म्हणून आधी पोरीला प्रश्न: मेलेल्या खारीला हात लावशील? सोलायला बसशील? तिने थोडा वेळ घेऊन ‘हो’ म्हटल्यावरच दुकानात नेलंत, तेही सप्टेंबरच्या उकाड्यात थंडीचा जाड कोट घालायला लावून. दुकानातले लोक बघत होते. कोटाच्या जाडीने दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो आणि चापापर्यंत बोट पोचत नाही, हे आम्हाला कुठून सुचणार? कोपर काटकोनात वाकवून तुम्ही दस्ता तिच्या दंडाला टेकवलात आणि बोटाचं पहिलं पेर चापावर नीट येतंय का ते पाहिलंत. मोठ्यांच्या बंदुकीत ते बोट हवेतच राहिलं.

आमच्या ह्यांना ‘फोर-टेन’ शॉटगन, म्हणजे बारीक नळीची छर्ऱ्यांची बंदूक, आवडली होती. नळी बारीक, म्हणजे मुलांसाठीच असणार, असा त्यांचा हिशोब. तिच्या काडतुसात छर्रे कमी, नेम जरा चुकला तर जनावर जखमी होऊन पळतं, ती मुरलेल्या शिकाऱ्याची बंदूक, हे तुम्ही सांगितलंत. त्याहून जाड नळीच्या ट्वेंटी-गेजची हलकी छोटी बंदूकही नको म्हणालात. काडतूस मोठ्यांच्या ट्वेंटी-गेजचंच आणि बंदूक हलकी, म्हणजे धक्का जास्त; एकदा पोरगी दचकली की पुढे डोळे मिटूनच चाप ओढणार. शेवटी ठरली पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, एकेरी रायफल. एका वेळी एकच काडतूस, त्यामुळे दर वेळी थांबून विचार करावाच लागतो. गुलाबी दस्त्याच्या बंदुकीसाठी दुकानदार फार गळ घालत होता. ‘खेळणं वाटेल असं काही नको,’ म्हणून तुम्ही ती बाजूला सारलीत, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

बंदूक विकत घेताना भरायच्या सरकारी फॉर्म ४४७३ वर नाव बापाचं, कपाटाची किल्ली बापाकडे, काडतुसं वेगळ्या कुलपात. पोरीची फक्त मापं. ही वाटणी तुम्ही पहिल्याच दिवशी करून दिलीत म्हणून मी रात्री झोपू शकते.

आणि ती ताकीद! टू-टूची गोळी मैलाच्या पुढे जाते, म्हणून खार उघड्या फांदीवर आभाळासमोर असली तर बंदूक उचलायचीच नाही. मागे बुंधा किंवा जमीन हवी. परवा जंगलात तुम्ही हातभर अंतरावर बसला होतात, तरी काही बोलला नाहीत. तिचं तिनेच ‘मागे काही नाहीये’ म्हणून नळी खाली केली.

सांगलीहून सासूबाई मात्र रागावल्या आहेत. रामरायाने जिच्या पाठीवरून हात फिरवला ती खार मारता, म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत, ‘मारली तर वाया घालवणार नाही’ एवढंच म्हणालात. त्या अजून फुरंगटलेल्याच आहेत, पण ‘त्या काकांना घरी जेवायला बोलाव’ असंही सांगितलंय.

तेव्हा काकूंना घेऊन रविवारी या. जेवण कोंबडीचं आहे. पुढच्या वर्षीच्या शिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गासाठी नाव कधी नोंदवायचं तेही त्याच वेळी सांगा.

आपली,
लेकीची आई