दोष सहा व्होल्टचा नाही, वायरिंगचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारसायकली नव्याने उभ्या करण्याची हौस वाढते आहे आणि वृत्तपत्रांतून त्यावर आवडीने लिहिलेही जाते. टाकीवरची हाताने ओढलेली रेघ, क्रोम, मूळ रंगाची शेड या सगळ्याला जागा मिळते. वायरिंगची बोळवण मात्र ‘नवे किट टाकावे, जमल्यास १२ व्होल्ट करून घ्यावे’ एवढ्यावर होते. ६ व्होल्टच्या काळातल्या बुलेटवाल्यांचे या सल्ल्याने नुकसान होते, म्हणून हे पत्र.

६ व्होल्टचा दिवा मिणमिणता असतो, असा सर्वत्र समज आहे. हिशेब करून पाहावा. ३५ वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर सुमारे ५.८ अँपिअर ओढतो. तोच १२ व्होल्टवर २.९. बॅटरीपासून किल्ली, लाइट स्विच, डिपर असे फिरत बल्बपर्यंत जाणारी तार अडीच मीटरच्या आसपास भरते. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये ती अर्ध्या स्क्वेअर एमएमची असली, तर नुसत्या तारेत अर्धा व्होल्ट जातो. वाटेत पाच-सहा सांधे. प्रत्येकात कळंकामुळे ०.०३ ओहम जरी अडथळा धरला, तरी आणखी एक व्होल्ट गेला. बल्बला उरतात साडेचार. फिलॅमेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो: १० टक्के व्होल्टेज गेले की सुमारे ३० टक्के उजेड जातो आणि २५ टक्के गेले की निम्म्याहून कमी उरतो. १२ व्होल्टला तेच खराब सांधे टक्केवारीत पाहिले तर चौथ्या हिश्शानेच भोवतात, म्हणून गाडी ‘सुधारल्यासारखी’ वाटते. सांधे तसेच सडत राहतात. आधी वायरिंग नीट करावे. बहुतेक गाड्यांत मग १२ व्होल्टची गरजच भासत नाही.

सुरुवात अर्थपासून, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीपासून करावी, कारण हौशी जीर्णोद्धारात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. जुन्या गाडीत परतीचा करंट चेसिसमधून येतो. चेसिसला पावडर कोटिंग केले की बोल्टखालचा उघडा लोखंडी भाग झाकला जातो आणि झगमगीत गाडीचा हॉर्न घोगरा होतो. हेडलाइटचा अर्थ तर हँडल ज्यावर फिरते त्या कोनसेटमधल्या ग्रीस लावलेल्या छर्‍यांतून जातो. हँडल वळवताना दिवा लुकलुकतो तो त्यामुळे. उपाय सोपा आहे. कास्केटपासून (हेडलाइट बसतो त्या पुढच्या धातूच्या खोळीपासून) एक, इंजिनापासून एक आणि टेललॅम्पच्या होल्डरपासून एक अशा दीड स्क्वेअर एमएमच्या तीन काळ्या वायर थेट बॅटरीच्या अर्थ टोकाशी आणाव्यात, आणि बॅटरीपासून चेसिसला अडीचची जाड वायर द्यावी. मडगार्डच्या गंजलेल्या पत्र्यावर टेललॅम्पचा भरवसा ठेवू नये.

इथेच आणखी एक सावधगिरी. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या लुकास या कंपनीच्या विजेच्या सामानाच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक चेसिसला असते. आपल्या गाडीत कोणते आहे ते बॅटरी काढण्याआधी पाहून लिहून ठेवावे. उलटे जोडले तर रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) त्याच क्षणी जातो. कोणी जाणूनबुजून मायनस अर्थ करून घेतला तर ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या दोन वायरही आपसांत बदलाव्या लागतात: मायनस अर्थ असेल तर कॉइलचे मायनस टोक पॉइंटकडे (कॉइलचा करंट तोडणाऱ्या खटक्याकडे), प्लस अर्थ असेल तर प्लस टोक पॉइंटकडे. न बदलल्यास गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

जुने वायरिंग कापून काढू नये. प्रत्येक टोकाला मास्किंग टेपवर आकडा लिहावा, फोटो काढावेत आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, सबंध उतरवून प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांच्या आधाराने पसरावा. फांद्यांची लांबी तोच सांगतो. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नये. चाळीस वर्षांत चार मेकॅनिकांनी मिळेल तो तुकडा जोडलेला असतो. मल्टिमीटरच्या बीपवर एकेक टोक शोधून स्वतःचा नकाशा काढावा. दोन संध्याकाळी जातात, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

वायर बारीक तारांची, गाडीसाठीचीच घ्यावी. घरगुती जोडणीतली एकाच जाड तारेची वायर इंजिनाच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरचे प्लास्टिक शाबूत असल्याने दोष सापडत नाही. बॅटरी ते अँमीटर (करंट दाखवणारे मीटर) आणि अँमीटर ते किल्ली अडीचची. हेडलाइटची सगळी वाट आणि हॉर्न दीडची. टेललॅम्प, ब्रेक लाइट, पायलट दिवे एकची. एका बुलेटला अडीचची लाल तीन मीटर, दीडची सहा ते सात मीटर, अर्थसाठी काळी चार-पाच मीटर आणि एकची वेगवेगळ्या रंगांत मिळून दहा मीटर पुरते. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहणार असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची वायर शोधावी. खाऱ्या हवेत साध्या तांब्याला कळंक चढतो तो वायरच्या आत दूरवर पसरतो. टोक सोलून पुन्हा जोडले तरी काळी तार डाख घेत नाही.

सांध्यांबद्दल आमचे मत ठाम आहे. पिळून टेप गुंडाळलेला सांधा हा सांधा नव्हे. उन्हात टेपचा डिंक वितळतो, पावसात पाणी आत राहते. योग्य पकडीने दाबलेली गोळीच्या आकाराची पितळी बुलेट पिन किंवा थिंबल (नटखाली बसणारे धातूचे टोक) आणि वर डिंकवाली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, ही जोडणी टिकते. निव्वळ डाख दिलेला सांधा दिसायला पक्का असतो, पण कथील वायरीत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर तुटते. डाख द्यायचाच तर पिनच्या टोकापुरता द्यावा आणि वायर पुढे दोन इंचांवर क्लिपने धरावी. हार्नेसवर आवरण म्हणून काळी पीव्हीसी स्लीव्ह घालावी. सर्वांत खालच्या वळणावर तिला एक छोटे भोक ठेवावे, म्हणजे शिरलेले पाणी निघून जाते. कोनसेटपाशी हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली जाऊ नये आणि स्टॉपरमध्ये चेमटू नये.

कास्केटमधल्या लाइट स्विचविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण अनेक इलेक्ट्रिशियन तिथे चुकतात. लुकास धाटणीच्या ६ व्होल्टच्या तीन वायरींच्या अल्टरनेटरला (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) व्होल्टेज आवरणारा वेगळा रेग्युलेटर नसतो. दिवे बंद असताना अल्टरनेटरच्या काहीच कॉइली चार्जिंगला जोडल्या जातात. हेडलाइट लावला की स्विच उरलेल्या कॉइलीही जोडतो. म्हणजे तो दिव्यांचा खटका आहे तसाच चार्जिंगचाही आहे. त्याजागी साधा ऑन-ऑफ स्विच बसवला की दिवसा बॅटरी उकळते किंवा रात्री रिकामी होते. किल्लीवरची इमर्जन्सी जागाही याच जोडणीचा भाग आहे. मेलेल्या बॅटरीवर अल्टरनेटरकडून थेट इग्निशन कॉइलला करंट देण्यासाठी ती आहे. या रचनेत व्होल्टेजला आवर घालते ती बॅटरीच. चालू गाडीत तिची वायर निसटली तर एकामागून एक बल्ब उडतात, तेव्हा तिथला नट दुहेरी घट्ट हवा.

जुना पत्र्यांचा सेलेनियम रेक्टिफायर कमजोर झाला असेल तर ३५ अँपिअरचा सिलिकॉन ब्रिज मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. तो उघड्या धातूवर हीट पेस्ट लावून घट्ट बसवावा, नाहीतर स्वतःच्या उष्णतेने जातो.

फ्यूज टाळणे ही जुन्या गाड्यांतली सर्वांत धोकादायक सवय. अँमीटरची दोन्ही टोके कास्केटच्या अर्थ असलेल्या पत्र्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर असतात. नट सैल होऊन थिंबल फिरले की टाकीखालचा हार्नेस जळतो, आणि वर पेट्रोल असते. हेडलाइट ५.८, टेल आणि पायलट मिळून सुमारे २, ब्रेक लाइट ३, कॉइल ३ आणि वर हॉर्न, हा हिशेब १७-१८ अँपिअरपर्यंत जातो. म्हणून बॅटरीच्या जिवंत टोकापासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा ब्लेड फ्यूज हवा. दिव्यांना पुढे १० अँपिअरचा, हॉर्न-ब्रेकला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा आणि कॉइल थेट मुख्य फ्यूजवर ठेवावी, म्हणजे दिव्यांची लाइन गेली तरी घाटात इंजिन बंद पडत नाही. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नये; फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना मुख्य फ्यूजच्या जागी ६ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावावा. सगळे बंद असताना तो अजिबात पेटता कामा नये. किल्ली फिरवल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर मंद पेटेल, ते ठीक. पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी वायर अर्थ झाली आहे; शोधायला निवांत वेळ मिळतो, काही जळत नाही. मग फ्यूज घालून, हेडलाइट लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थला आणि दुसरे बल्बच्या होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला लावावे. ०.१ व्होल्टहून जास्त आले तर अर्थ पुन्हा घासावा. जिवंत बाजूलाही बॅटरी ते बल्ब अशीच मोजणी करावी, ०.३ च्या आत असावी. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीवर ६.९ ते ७.३ व्होल्ट दिसावेत. साडेसातच्या वर गेले तर पाणी उकळणार.

एवढे करूनही ज्यांना १२ व्होल्टच हवे त्यांनी बल्ब, हॉर्न आणि बॅटरीबरोबर इग्निशन कॉइलही बदलावी आणि रेग्युलेटर बसवावा. ६ व्होल्टची कॉइल १२ वर चालते खरी, पण तापते आणि पॉइंट जाळते. १२ साठी प्रायमरी ३ ते ४ ओहमची हवी.

आणि उतरवलेला मूळ स्विच भंगारात देऊ नये. आतले पितळी संपर्क पॉलिश पेपरने हलके घासून, स्प्रिंग धुऊन, व्हॅसलीनचा पुसट हात दिला तर तो बहुधा पुन्हा कामाला येतो. बाजारात त्याच्या नावाने मिळणाऱ्या नकलांत पितळ पातळ असते आणि रिव्हेट सैल. पहिल्या पावसाळ्यात त्या जागेवर पुन्हा तोच व्होल्ट हरवतो.

आपले,
जुन्या मोटारसायकलींची कामे करणारे काही वाचक, पुणे