बिल्टीवर जिप्सीची किंमत 50,000

स.न. संपादक साहेब,

2025 च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडवरून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत खासगी गाड्या रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी चेष्टाच केली होती, की 7,875 रुपये भरायचे, वर बारा तास लागणार, आणि 40 गाड्यांची सोय असून 16 बुकिंग झाली नाहीत तर फेरीच रद्द, त्यापेक्षा घाटातनं आपलं आपण जातो की. मीही हसलो होतो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत मी आसामातल्या जोरहाटवरून कराडला एक जुनी जिप्सी आणवली आणि आता मला त्या 7,875 रुपयांचं हसू येत नाही, म्हणून हे पत्र.

गाडी 1997 ची, 1300 सीसी जिप्सी किंग, चहाच्या मळ्यात फिरलेली. 3,10,000 ला घेतली. आमच्या पिढीने ही गाडी पोलिसांची आणि मिलिटरीची म्हणून लांबूनच बघितली, तेव्हा घ्यायची ऐपत नव्हती, आता रिटायर झाल्यावर खाज उठली असं बायको म्हणते आणि ते खरंच आहे. खरं तर चालवतच आणायची होती. पण अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर, टायर बारा वर्षांचे, रेडिएटरला डाग दिलेला, आणि ही गाडी 80 च्या वर जात नाही, म्हणजे जाते पण मग आत बसलेला माणूस जातो. मेहुणा म्हणाला, दाजी, सिलिगुडीपर्यंत पोचलात तरी पेढे वाटीन. मग विषय सोडला.

आधी रेल्वेत चौकशी केली. खिडकीवर सांगितलं बाईक पार्सलने घेतो, चारचाकीचं काही नाही. आता हीच रेल्वे कारखान्यातल्या नव्या गाड्या रेकच्या रेक भरून नेते, जुने पॅसेंजर डबे आतनं मोकळे करून त्यात गाड्या भरतात, त्याला एनएमजी म्हणतात, आणि मानेसरला तर 2025 मध्ये मारुतीच्या कारखान्याच्या आवारातच रेल्वेचं साइडिंग, म्हणजे गाड्या भरायचा फाटा, झालं. नव्या गाडीला पायघड्या, आणि एका माणसाची एक जुनी गाडी असली की खिडकी बंद.

मग राहिला ट्रेलर. यातलं गणित मला नंतर कळलं. नव्या गाड्या घेऊन ट्रेलर गुवाहाटीला जातात, येताना रिकामे असतात, म्हणून मिळेल ती जुनी गाडी रिटर्न लोड म्हणून भरतात. त्यामुळे भाडं परवडतं, पण ट्रेलर भरेपर्यंत हलत नाही, आणि तो आपल्या गावाला येईल असंही नाही, तो त्याच्या यार्डात जाणार, तिथनं आपली गाडी दुसऱ्यावर. आणि फोनवर ज्याच्याशी आपण बोलतो, जो 'सर टेन्शन मत लो' म्हणतो, तो ब्रोकर असतो, त्याच्याकडे स्वतःचा ट्रेलर काय, हातगाडीपण नसते. मी त्याला 36,000 कबूल केले, 20,000 आगाऊ. आरटीओच्या ना-हरकत दाखल्याच्या, म्हणजे एनओसीच्या, फॉर्म 28 साठी दोन महिने घालवले होते मी, चेसिस नंबर तीन वेळा तपासला, आणि गाडी कुणाच्या हातात द्यायची हे मात्र दोन मिनिटांत फोनवर ठरवलं. असो.

गाडी दिल्लीजवळच्या कुठल्यातरी यार्डात 19 दिवस पडून होती. पुण्याच्या बाहेर उतरवून घ्यायला गेलो तर कॅनव्हासचं हुड फाटून लोंबतंय, कारण वरच्या मजल्यावर उलट्या तोंडाने उभी केलेली, म्हणजे सगळा वारा मागच्या पडद्यातनं आत. हुड काढून घडी करून मागे ठेवायला पाहिजे होतं, ही चूक माझी, कुणी सांगितलं नाही पण मला कळायला पाहिजे होतं. जॅक आणि पाने गायब. आणि पुढची ग्रिल आत, बंपर वाकडा, रेडिएटर फुटलेला.

ते कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे. जिप्सीला दोन दांडे असतात, एक गिअरचा आणि शेजारी दुसरा छोटा, टू-व्हील, फोर-व्हील आणि लो करायचा. या दुसऱ्याला पण न्यूट्रल असतो. यार्डातल्या पोराने रॅम्पवर चढवताना कुठेतरी तो छोटा दांडा हलवला आणि न्यूट्रलवर राहिला. मग नेहमीच्या सवयीने पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरला, हँडब्रेक जुना, धरत नाही. आता छोटा दांडा न्यूट्रलला असला की तुम्ही गाडी कुठल्याही गिअरमध्ये ठेवा, इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो, गाडी मोकळी. ती सरकली आणि खांबावर गेली. पोराला दोष देत नाही मी, त्याने जन्मात दोन दांड्यांची गाडी बघितली नसेल. मी त्या दांड्याला चिकटपट्टी लावून हिंदीत दोन शब्द लिहायला पाहिजे होते आणि चाकांना उटी, म्हणजे अडकण म्हणून ठोकळे, लावायला सांगायला पाहिजे होतं. जुनी थार, एमएम540, कुठलीही फोर-बाय-फोर पाठवणाऱ्याने एवढं तरी करा.

खर्च 41,000. ब्रोकर म्हणाला ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, ट्रान्सपोर्टवाला म्हणाला बिल्टी बघा, म्हणजे त्यांनी माल घेताना दिलेली पावती. बिल्टी बघितली, खरं म्हणजे पहिल्यांदाच नीट बघितली, तर भाडं 14,000 आणि गाडीची किंमत 50,000! मी विचारलं हे काय, तर म्हणे 'सबका इतना ही डालते हैं'.

आता इथे कायदा आहे, आणि बरा आहे. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट 2007, त्याचे नियम 2011 चे. भरपाई जास्तीत जास्त भाड्याच्या दहापट, आणि ती पण बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. जास्त किंमत जाहीर करून जास्त भाडं भरायची सोय कायद्यात आहे, पण ती आपल्याला सांगतो कोण. म्हणजे 3,10,000 ची गाडी वाटेत पालथी झाली असती, जळाली असती, तरी मला फार तर 50,000. माझे 41,000 त्यात कसेबसे बसतात म्हणून मी नशीबवान! आणि दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत, डिलिव्हरीपासून नव्हे. गाडी यार्डात पडलेली असली तरी दिवस चालूच.

इन्शुरन्सचं सांगतो. आपल्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी रोडने किंवा रेल्वेने पाठवताना झालेलं नुकसान पण धरलेलं असतं, हे मलाच माहीत नव्हतं. पण 28 वर्षांच्या गाडीला मला थर्ड पार्टीच मिळाली, आणि थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं काहीच नाही. सरकारला मात्र जुन्या गाडीची किंमत बरोबर कळते, 20 वर्षांच्या वरच्या कारची रजिस्ट्रेशन रिन्युअल फी ऑगस्ट 2025 पासून 5,000 ची 10,000 केली.

माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्या राज्याची एनओसी देताना प्रत्येक आरटीओने त्या कागदाच्या मागे चार ओळी छापाव्यात, की बिल्टी कुणाच्या नावाची आहे बघा, किंमत खरी लिहून घ्या, किलोमीटरचा फोटो काढा, 180 दिवस लक्षात ठेवा. त्याला शाई किती लागते? आणि कोकण रेल्वेने गाड्या न्यायचं बंद करू नये, लोक हसले तरी. कोलाड-वेर्णा कुणाला नको असेल, घाटातनं जाता येतं, पण तीच सोय गुवाहाटीवरून महिन्यातनं एकदा असती तर मी 16 माणसं स्वतः फोन करून गोळा केली असती.

नोटीस मी 71 व्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवली, पोचपावती आलीय, उत्तर नाही. ब्रोकरचा फोन लागतो पण उचलत नाही. हुड इथेच एका ताडपत्रीवाल्याने शिवून दिलं, पहिल्यापेक्षा चांगलं. बारा महिन्यांच्या आत एएस 03 चा नंबर बदलून एमएच 50 करून घ्यायचाय, त्याची तारीख पुढच्या मंगळवारी आहे.

आपला,
एक जुना वाचक, कराड