'द जंगल' ही मजुरांची कादंबरी

मा. संपादक,

अमेरिकी लेखक अप्टन सिंक्लेर यांच्या 'द जंगल'मुळे अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा झाला, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. ते १९०४ मध्ये सात आठवडे शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्यांमध्ये राहिले, ते मजुरांचे हाल मांडण्यासाठी. मांस खारवण्याच्या खोलीत आम्लाने बोटांची पेरे झडलेले कामगार त्यांनी दाखवले. वाचक मात्र डब्यातल्या मांसानेच हादरले. ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न आणि मांस तपासणी या दोन कायद्यांवर सही झाली. त्यातही कंपन्यांच्या दबावामुळे डब्यावर तारीख छापण्याची अट गळाली आणि तपासणीचा खर्च सरकारवर पडला. मजुरांच्या पदरात काहीच नाही! याचे आम्हाला फार वाईट वाटते. एम्प्रेस मिल या कापडगिरणीचा भोंगा ऐकलेल्या नागपूरकरांनी तरी ही कादंबरी मजुरांची म्हणून वाचावी.

– काही वाचक, महाल, नागपूर