टर्बो इंजिनात एअरफ्लो सेन्सरची जागा: मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले. मेलबर्नमध्ये इतक्या वर्षांनंतरही इतकी नीट राखलेली निस्सानची आर33 स्कायलाईन तुला मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. बंपरमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारी जाळी) बसवताना सगळे पाइप नवे करावे लागणारच आहेत, तर एअरफ्लो सेन्सरही फिल्टरजवळून काढून इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी न्यावा का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो: नेऊ नकोस. निस्सानने तो फिल्टर आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) यांच्या मध्ये बसवला आहे, तिथेच राहू दे.

तुझ्या आरबी25डीईटी इंजिनातला सेन्सर तापलेल्या तारेचा आहे. जाणाऱ्या हवेने तार थंड होते, तिचे तापमान टिकवायला अधिक वीज लागते आणि त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली हे कळते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, हा आकडा जेमतेम चार-पाच ग्रॅम असतो, तर अडीचशे अश्वशक्ती काढताना तो ढोबळमानाने 180 ते 200 ग्रॅमपर्यंत जातो. पेट्रोल याच हिशेबाने सोडले जाते. सेन्सर म्हणजे जुन्या काळचा जकात नाका समज: नाक्यावर नोंदलेला माल गावात पोहोचलाच पाहिजे आणि नोंद चुकवून काहीही आत येता कामा नये. जागेचा सगळा वाद या एका अटीवर येऊन थांबतो.

सेन्सर टर्बोच्या आधी असला की पुढची सगळी वाट हवाबंद असावी लागते. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, टर्बोनंतरचा एखादा होज क्लिपपाशी गळत असेल, तर मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र पूर्ण पडते आणि मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होऊन गाडी काळा धूर सोडते. याउलट सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी पाइपला चीर पडली, तर न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होते. ही गळती जास्त घातक, कारण बूस्टवर लीन चाललेले इंजिन नॉक करते (मिक्श्चर भलत्या वेळी भडकून ठोके बसतात) आणि पिस्टनवर बेतते. शिवाय त्या चिरेतून फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर जाते.

आता तुझ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हविषयी, कारण सेन्सर हलवण्याचा विचार त्यातूनच निघाला आहे असे दिसते. गिअर बदलताना थ्रॉटल बंद झाला की पाइपात कोंडलेली हवा या व्हॉल्व्हमधून सुटते. ती वातावरणात सोडली, तर मोजलेली हवाच फुकट जाते आणि क्षणभर मिक्श्चर इतके रिच होते की सिग्नलपाशी थांबताना इंजिन बंद पडू शकते. स्प्रिंग मऊ असेल, तर आयडलच्या व्हॅक्यूमवर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो आणि तिथून न मोजलेली हवा आत शिरते. कंपनीचा व्हॉल्व्ह ही हवा परत सेन्सर आणि टर्बो यांच्या मध्ये सोडतो. तीच रचना ठेव आणि परतीचा पाइप टर्बोच्या तोंडाकडे तिरका जोड. उलट फिरलेली हवा सेन्सरपर्यंत गेली, तर साध्या तापल्या तारेला दिशा कळत नसल्यामुळे ती तीच हवा पुन्हा मोजते.

सेन्सर थ्रॉटलपाशी नेण्याचे फायदे मी नाकारत नाही. व्हॉल्व्ह त्याच्या आधी असल्यामुळे सुटलेली हवा मोजलीच जात नाही आणि मधल्या पाइपांतली गळती हिशेबात येत नाही. थ्रॉटल दाबल्यावर इंटरकूलर भरायला जाणारी हवाही मोजणीत मिसळत नाही. तापली तार हवेचे वस्तुमान मोजते, त्यामुळे केवळ दाबाने तिचा हिशेब चुकत नाही. झडप किंवा भोवरे मोजणाऱ्या जुन्या सेन्सरांचे तसे नाही. ते आकारमान मोजतात.

पण तिथली हवा कशी असते ते पाहा. 27 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे 120 अंशांवर बाहेर पडते. म्हणून इंटरकूलरच्या आधीची जागा तर विचारातही घेऊ नये. इंटरकूलरनंतर हवा निवते, पण ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेली आणि टर्बोच्या सीलमधून झिरपलेली तेलाची वाफ तिच्यात राहतेच. अशा ठिकाणचा सेन्सर काढून टॉर्चच्या उजेडात पाहिलास, तर केसासारख्या बारीक तारेवर तपकिरी, चिकट थर दिसेल. थर बसलेली तार कमी थंड होते, हवा कमी दाखवते आणि मिक्श्चर लीन होते. तेही भर बूस्टमध्ये, जिथे इंजिनाला ते अजिबात सोसत नाही. शिवाय जागा बदलली की ईसीयूचा सगळा तक्ता नव्याने बांधावा लागतो. आपल्याकडे पूर्वी रांजणगावात बनत असलेल्या 1.3 लिटर मल्टिजेट डिझेलमध्येही सेन्सर फिल्टरला लागूनच होता, आणि तिथे त्याचे काम ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणे) व धूर सांभाळण्याचे होते.

सेन्सरच्या आधी आणि नंतर पाइप जमेल तितका सरळ ठेव. वळणाला लागून बसवला तर हवा एका बाजूला दाटते आणि तार भलताच आकडा देते. फिल्टरला तेल जपून लाव, जास्तीचे तेल तारेवरच जाते. आणि इंजिनाचा ब्रीदर पाइप काढून उघडा ठेवू नकोस, कारण मग पीसीव्हीमार्गे (ती वाफ परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) न मोजलेली हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळ्यांत, येते.

पाइप जोडून झाले की टर्बोचे तोंड टोपीने बंद करून, छोट्या कॉम्प्रेसरने बूस्टइतकाच दाब भर आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघ. मग ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला सेन्सरचा व्होल्टेज किती येतो ते मला कळव. तो पाच व्होल्टच्या आसपास अडकत असेल, तर जास्त हवा मोजू शकणारा, निस्सानच्याच 300झेडएक्स गाडीचा झेड32 सेन्सर याच जागी बसवून ईसीयूत त्याचा तक्ता घालावा लागेल. त्याचे वायरिंग मी तुला पुढच्या पत्रात लिहून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर